रबर, पोफळी, भात आणि मागचं रान: जागोजागी वेगळे डास, तेही वेगवेगळ्या वेळी, असं का?

प्रश्न थोडक्यात असा की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात वडिलोपार्जित जागा आहे, वरच्या अंगाला रबर, मधे पोफळीची म्हणजे सुपारीची बाग, खाली भात आणि मागे जंगल, तिथे चार खोल्यांचा होमस्टे काढायचाय. मुंबईच्या फ्लॅटमधे दिवेलागणीला खिडक्या लावल्या की भागतं, पण इथे बागेत सकाळी आठलाच पाय खाजवायला लागतात, रानात भर दुपारी, अंगणात सातला डोक्यावर ढगच्या ढग, आणि भाताकडच्या खोलीत रात्री अकरानंतर. हे असं का, आणि फॉगिंग मशीन घेऊन टाकावं का?

मशीनचं आधी सांगतो. थांबा, घेऊ नका. का ते पुढे येईलच.

मी हिवताप विभागात कीटक समाहारक म्हणून लागलो आणि नोकरीभर डासच पकडले. हे पद असतं हेच लोकांना माहीत नसतं, लग्न ठरताना सासऱ्यांना समजावताना मला घाम फुटला होता, सरकार माणसाला डास पकडायचा पगार देतं यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. काम साधं, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तोंडाने ओढायची शोषक नळी, आणि कापसाचा बोळा लावलेल्या काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीवर ठिकाण आणि तास लिहायचा. गोठ्यातली वेगळी, माजघरातली वेगळी, बागेतली वेगळी, सात ते आठची वेगळी, आठ ते नऊची वेगळी. सुरुवातीला मला वाटायचं ही सरकारी कारकुनी आहे, डास तो डास. वर्षभरात कळलं की नळीवरच्या त्या दोन ओळींतच सगळा मामला असतो.

कारण डास जास्त आहेत की कमी हा प्रश्नच अपुरा आहे. तुमच्या एवढ्याशा जागेत पावसाळ्यात पंधरावीस जातींचे डास आरामात सापडतील, त्यातल्या काही माणसाला चावतच नाहीत, कोणी बेडकावर जगतं, कोणी पक्ष्यावर, आणि टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा एक धिप्पाड चकचकीत डास तर रक्ताला शिवतही नाही, त्याच्या अळ्या उलट बाकीच्या डासांच्या अळ्या खातात. गिरणीत पाळ्या असायच्या ना, पहिली, दुसरी, रात्रपाळी, तसंच यांचं, एकाची सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते. फक्त कुठल्या पाळीला किती कामगार हे जमिनीचा वापर ठरवतो.

जमीन म्हणजे डासाच्या दृष्टीने तीनच गोष्टी, पाणी कसलं साठतं, सावली किती, आणि रक्त कोणाचं मिळतं. जंगल असतं तिथे झाडांच्या ढोल्या, बांबूचे बुंधे, दगडातल्या खळग्या, संथ ओहोळ अशी शंभर प्रकारची छोटी पाणी असतात म्हणून जाती खूप पण एकेका जातीचे डास थोडे. माणूस आला, त्याने जागा एकसारखी केली, नुसतं भात किंवा नुसतं रबर किंवा नुसत्या इमारती, की साधारणपणे जाती घटतात आणि ज्या दोनतीन जातींना ते एकच पाणी मानवतं त्या माजतात. आणि दुर्दैव असं की माजतात त्या बऱ्याचदा माणसाला चावणाऱ्याच असतात. पेरूमधे ॲमेझॉनच्या जंगलात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिथे जंगल तोडलं होतं तिथे तिथला मलेरियाचा मुख्य डास, ॲनॉफिलीस डार्लिंगी, माणसाला चावण्याचं प्रमाण दाट जंगलाच्या तुलनेत २७८ पट निघालं होतं. उन्हात उघडी पडलेली डबकी त्याला मानवली, बाकी काही नाही.

आता वेळेचं. डासाच्या अंगातच घड्याळ असतं, अंधाऱ्या खोलीत ठेवला तरी तो काही दिवस आपल्या वेळेलाच उडायला लागतो. पण घड्याळ असलं तरी बाहेर निघायचं की नाही हे उजेड, उष्णता आणि हवेतला ओलावा बघून ठरतं. एवढासा जीव, कोरड्या उन्हात फिरत राहिला तर सुकून मरेल. म्हणून उघड्या माळावर भर दुपारी जे डास झुडपाखाली दडून बसतात तेच दाट सावलीत दुपारीही चावत राहतात, कारण तिथे हवा गार, ओली आणि अंधुक, त्याच्या हिशेबाने अजून सकाळच चाललीय किंवा संध्याकाळ लवकर झालीय. तुमच्या रानात भर दुपारी चावतात त्याचं कारण बरंचसं हेच. म्हणजे वेळ आणि जागा सुट्या करून बघताच येत नाहीत, सावली वाढवली की तुम्ही डासाची पाळी लांबवता, तोडली की आखडता, पण मग उन्हातल्या पाण्याचा दुसराच डास रात्रपाळीला येतो.

तुमच्या जागेवर वरून खाली येऊ.

रबर. तिथला मालक म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, काळा, अंगावर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. मुळात हा रानातल्या ढोलीतला डास, आपण त्याला झाडागणिक एक वाटी बांधून दिली. चीक काढायचा बंद असतो तेव्हा वाट्या उताण्या राहिल्या की पावसाच्या पाण्याने भरतात, आत पालापाचोळा पडतो, वरून सावली. सकाळी उजाडल्यापासून पहिले दोनतीन तास आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत याचा जोर, सावली दाट असेल तर मधल्या वेळातही थोडं थोडं चालूच. केरळात २००७ ला चिकनगुनिया उसळला तो याच डासामुळे, रबराच्या मळ्यांचा त्यात मोठा हात होता, आणि विषाणूतही एक छोटा बदल झालेला ज्यामुळे तो या डासात जास्त चांगला वाढायला लागला. गंमत बघा, आपल्याकडे बार्शीत १९७३ ला चिकनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा तो वेगळ्याच डासाचा, एडिस इजिप्तीचा आजार होता, घरातल्या साठवलेल्या पाण्याचा, आणि मग तीसेक वर्षं देशात शांतता. परत आला तेव्हा रोग तोच पण केरळात डास बदलला, म्हणून जागा बदलली, घरातून बागेत.

पोफळीतही तोच अल्बोपिक्टस, फक्त भांडी वेगळी. झावळ गळून पडते तिचा खालचा पसरट भाग, आपण विरी म्हणतो ती, होडीसारखी उताणी पडते आणि वाटीभर पाणी धरते. शिवाय करवंट्या, प्यायलेली शहाळी, शिंपणाच्या पाइपाची तुटकी तोंडं, कामगाराने फेकलेले प्लास्टिकचे कप. एका बागेत मी मालकाला म्हटलं अळ्या दाखवतो, तो म्हणाला आमच्याकडे डबकंच नाही, आणि खरंच डबकं नव्हतं, पण वीस पावलांत उचलेल त्या विरीत वळवळ. लोकांच्या डोक्यात डास म्हणजे गटार हे इतकं पक्कं बसलंय की स्वच्छ पाण्याकडे कोणी बघतच नाही. बागेत सकाळी आठला पाय खाजवतात ते यामुळे, आणि तुम्ही पाहुण्यांना नेमकं सकाळी सात ते नऊ बागेत फिरवणार असाल तर आयतं ताट वाढल्यासारखं आहे. फेरी अकराच्या पुढे ठेवा, चावणं शून्य होणार नाही पण फरक जाणवेल.

अंगणात सातचे ढग. हे बहुतेक आर्मिजेरिस, मोठा, काळपट, सोंड खाली वाकलेली, चावला की चांगलाच ठणकतो. दिवस मावळताना अर्धापाऊण तास धुमाकूळ घालतो आणि मग बराचसा गायब, म्हणून लोकांना वाटतं धूर केला म्हणून गेले, अहो धूर केला नसता तरी गेले असते. हा येतो घाण, घट्ट पाण्यातून, आणि घराजवळ असं पाणी म्हणजे सेप्टिक टँक. झाकणाला फट असते किंवा व्हेंट पाइपाला जाळी नसते. शंभरदोनशे रुपयांची नायलॉन जाळी आणि एक तार, तेवढ्याने ढग अर्ध्यावर येतो हे मी कितीतरी घरांत बघितलंय. होमस्टे म्हणजे चार संडास, म्हणजे टाकी मोठी, म्हणजे बांधकाम चालू असतानाच हे करून घ्या.

भात. इथे खरी रात्रपाळी. लावणी झाल्यावर रोपं लहान, पाणी उघडं, ऊन पडतंय, तेव्हा उन्हातलं स्वच्छ पाणी आवडणाऱ्या ॲनॉफिलीसच्या काही जाती, त्यात ग्रामीण मलेरियाचा क्युलिसिफॅसिससुद्धा, मग भात वाढून पाणी झाकलं की हे कमी होतात आणि क्युलेक्स विष्णुई गटातले वरचढ होतात. युरिया टाकल्यावर काही दिवसांत अळ्या वाढतात हे दक्षिणेत भातशेतीत तपासलेलं आहे. या डासांची मुख्य पसंती माणूस नाही, गुरं. अंधार पडला की आधी गोठ्याकडे जातात, पहाटे गोठ्याच्या भिंतीवर टॉर्च मारला की रक्त पिऊन टम्म झालेले बसलेले दिसतात, ॲनॉफिलीस भिंतीला तिरका, ढुंगण वर करून, क्युलेक्स भिंतीला समांतर. मग माझा स्वतःचा एक संशय आहे, सिद्ध करून दाखवू शकणार नाही, की गावातली गुरं कमी झाली तिथे भाताकडेच्या घरांत रात्रीचं चावणं वाढलंय. तुमच्याकडे गोठा रिकामाच असेल तर अकराला खोलीत येणारे आधी तिकडे गेले असते कदाचित. अर्थात यावर उपाय म्हणून गाय पाळा असं मी म्हणत नाही, गोठा खोलीला चिकटून असेल तर उलट डास घराशी ओढले जातात.

यातलेच क्युलेक्स विष्णुई गटातले डास जपानी मेंदूज्वराचे, विदर्भात भंडारा-गोंदियाकडे ज्यांनी काम केलं त्यांना भात, बगळे आणि डुकरं हे त्रिकूट चांगलं माहीत आहे. विषाणू वाढतो बगळ्यात आणि डुकरात, गाईत तो वाढत नाही, माणूस मधेच सापडतो.

मागचं रान. तिथे ओहोळाच्या कडेला संथ वाहत्या पाण्यात ॲनॉफिलीस फ्लुव्हिॲटिलिस असू शकतो, ढोल्यांमधे एडिसच्या रानटी जाती, वर शेंड्यात वेगळे आणि जमिनीवर वेगळे. ब्राझीलमधे पिवळ्या तापाचे डास दिवसा झाडांच्या शेंड्यात माकडांना चावतात आणि लाकूडतोड्याने झाड पाडलं की शेंड्यातले डास त्याच्या अंगावर येतात, तसा प्रकार. आपल्या रानात पिवळा ताप नाही. आपल्याकडे दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडताप झाला, पण तो डासाचा नाही, गोचिडीचा, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, डासाचे ताप आणि गोचिडीचा ताप यांची लोक गल्लत करतात म्हणून मुद्दाम सांगितलं. पाहुण्यांना काजूच्या बागेत किंवा रानात पालापाचोळ्यावर बसवू नका, हे डासांपेक्षा जास्त महत्त्वाचं.

तुम्ही सांगितली नाहीत अशी दोन ठिकाणं तुमच्या आसपास नक्की असतील. एक सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ. पहिल्या पावसानंतर कातळावरच्या खळग्यांत पाणी साठतं, तिथे एडिस व्हिटॅटस, पाठीवर पांढरे ठिपके, दिवसाउजेडी चावतो. खळगा दोन आठवड्यांत आटणार हे जणू माहीत असल्यासारखा भराभर वाढतो. दुसरं म्हणजे सोडून दिलेली चिऱ्याची खाण. चौकोनी, खोल, उन्हात उघडी, पावसात तुडुंब, ॲनॉफिलीसला यापेक्षा काय पाहिजे. खाणीत गप्पी मासे जरूर सोडा, ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. सड्यावरच्या खळग्यांत आणि ओहोळात मात्र सोडू नका, तिथे बेडूक, चतुराच्या अळ्या असं तिथलं स्वतःचं काहीबाही असतं, गप्पी त्यांचंही वाटोळं करतात. आमच्याच खात्यात दिसेल त्या पाण्यात गप्पी टाकायची हौस होती, मीही टाकलेत, आता वाईट वाटतं.

मुंबईचं म्हणाल तर तिथे माणसाने सगळी पाणी पुसून दोनतीनच ठेवली, गटार, टाकी आणि घरातली भांडी. गटारातला क्युलेक्स अंधार पडल्यावर यायला लागतो आणि मध्यरात्रीच्या आसपास जोरात असतो, खिडकी लावून तुम्ही त्याला अडवता. टाकीतला आणि विहिरीतला ॲनॉफिलीस स्टीफन्सी, त्याच्यासाठी मुंबईतल्या विहिरी बंद करा असं मुंबईतला मलेरिया तपासणाऱ्या बेंटली यांनी १९११ च्या अहवालातच लिहिलेलं. आणि घरातला एडिस इजिप्ती, डेंग्यूवाला, तो दिवसा चावतो, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधे किंवा मनीप्लांटच्या बाटलीत जन्मतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो, सगळं आयुष्य शेदोनशे मीटरात काढतो. त्याला तुम्ही संध्याकाळी खिडकी लावून बाहेर ठेवत नाही, आत कोंडता. रात्रीची वडी लावून डेंग्यू टाळतो असं वाटणारी लाखो घरं आहेत. त्यातून आता रात्रभर ट्यूबलाइट, प्रयोगांत दिसलंय की उजेड असेल तर इजिप्ती रात्रीही चावतो.

वेळेला रोगही किती चिकटलेला असतो ते सांगतो कारण मला हे अजूनही अचंबित करतं. हत्तीरोगाचे जंतू दिवसा माणसाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री अंगभर रक्तात उतरतात, कारण आपल्याकडे तो पसरवणारा क्युलेक्स रात्री चावतो. १८७० च्या दशकाच्या शेवटी पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरांनी चीनमधल्या अमॉय बंदरात जंतूंची ही रात्रीची वेळ ओळखली. म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीकडे आमची पथकं रात्री उशिरा दारं ठोठावायची आणि झोपेतून उठवून बोटाचं रक्त घ्यायची, शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. पण हाच रोग निकोबारमधल्या नानकौरी बेटांवर रानातल्या ढोलीत वाढणारा, दिवसा चावणारा एडिस पसरवतो, आणि तिथल्या माणसाच्या रक्तात जंतू दिवसाच जास्त दिसतात. जंतूने रानाचं आणि तिथल्या डासाचं घड्याळ लावून घेतलंय. आफ्रिकेत बेनिनमधे मच्छरदाण्या वाटल्यावर ॲनॉफिलीस फनेस्टसने चावायची वेळ पहाटेनंतर, माणूस जाळीबाहेर येतो तेव्हावर ढकललेली दिसली. म्हणजे वेळही कायमची नसते.

आता मशीन. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या आणि धुरात सापडलेल्या डासाला मारतो. अळी, कोष, अंडी, यांना काही होत नाही, आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला सातदहा दिवस पुरतात. भर दुपारी मारला तर तापलेल्या जमिनीवरून धूर सरळ वर जातो. संध्याकाळी सातला मारला तर सापडतो कोण, आर्मिजेरिस आणि थोडे क्युलेक्स, बागेतला अल्बोपिक्टस तोवर बराचसा झुडपात बसलेला. एका शहरात डेंग्यूचे पेशंट निघाले तिथे मी बघितलंय, फॉगिंगची गाडी रोज साडेसातला कारण त्याआधी ड्रायव्हर मिळत नव्हता, आणि त्याच गल्लीत गच्चीवरच्या पिंपात अळ्या खदखदतायत. साहेबांना म्हटलं सकाळी मारू, ते म्हणाले सकाळी लोकांना दिसत नाही. शिवाय तुमचे पाहुणे मेमधे काजवे बघायला येणार ना? धूर काजवा आणि डास असा भेद करत नाही, मधमाशीही नाही.

तेच पैसे भाताकडच्या दोन खोल्यांना बारीक जाळीची दारं-खिडक्या आणि कीटकनाशकाच्या मच्छरदाण्या यांत घाला, दुपारी झोपणाऱ्या लहान पोरांनाही जाळी द्या. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण. रबराच्या वाट्या काम नसेल तेव्हा पालथ्या, आणि आठवड्यातून एक वार ठरवून विऱ्या-करवंट्या गोळा, कोरडा दिवस म्हणतात तो बागेतही पाळायचा असतो हे कामगाराला सांगा. बांबू तोडताना पेराच्या गाठीच्या अगदी वर तोडला तर बुंध्यात पाणी राहत नाही, जुन्या बुंध्यांत माती भरा. टाकी किंवा पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतली बाजू घासा, एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्‌महिने जगतात. पाहुण्यांना फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणायला सांगा, काळ्या टीशर्टावर एडिस आधी येतो. भाताच्या पाण्याचं फारसं काही करता येणार नाही, आपला पाऊस काही विचारून पडत नाही.

आणि जूनमधे पाऊस लागला की आठदहा दिवसांनी चार पांढऱ्या वाट्या घ्या, रबर, पोफळी, भात, ओहोळ अशा चार ठिकाणच्या अळ्या त्यात वेगळ्या काढा, मोबाइलने आडवा फोटो काढून टाका. अळी पाण्याला समांतर पडलीय की डोकं खाली करून लटकलीय एवढं दिसलं तरी पुष्कळ आहे, पुढचं मी सांगतो.